चार्जर बसेपर्यंत

कंपनीची इलेक्ट्रिक गाडी दारात येते तेव्हा तिच्या डिकीत बहुतेक वेळा एक पिशवी असते आणि तिच्यात गुंडाळलेली एक जाड केबल. तिच्या एका टोकाला गाडीत बसणारी सात पिनांची गन, दुसऱ्या टोकाला गीझरला असतो तसा तीन पिनांचा मोठा प्लग आणि मध्ये साधारण विटेएवढा एक डबा, ज्यावर दोन-तीन दिवे. अडीअडचणीला लागली तर म्हणून ती दाखवली जाते आणि पिशवी पुन्हा डिकीत जाते, कारण भिंतीवर बसणारा ७.२ किलोवॅटचा ‘खरा’ चार्जर अजून यायचा असतो. कंपनीच्या गाडीच्या बाबतीत तो सहसा लवकर येत नाही. गाडीची मालकी लीज कंपनीची, वापर कर्मचाऱ्याचा, भिंत सोसायटीची किंवा घरमालकाची, आणि वीजमीटर आणखी चौथ्याच माणसाच्या नावावर. चार्जरचा खर्च एचआरच्या धोरणात बसतो की नाही ते ठरायचं, एजन्सीच्या माणसाने येऊन जागा बघायची, कमिटीची एनओसी मिळायची, मंजूर लोड वाढवून घ्यायचा. यात दोन-तीन महिने सहज निघून जातात. या काळात नवीकोरी गाडी घेऊन रात्री दहा वाजता मॉलच्या तळघरात जलद चार्जरच्या रांगेत बसणारे लोक दिसतात, आणि ‘इलेक्ट्रिक गाडीची हीच कटकट’ हे मत तिथेच पक्कं होतं. या लेखातलं म्हणणं असं की ही कटकट बव्हंशी टाळता येते. पार्किंगमधला १५ अँपिअरचा एक नीट ओढलेला पॉइंट या काळासाठी बहुतेकांना पुरतो. फक्त ‘नीट ओढलेला’ या दोन शब्दांवर सगळं अवलंबून आहे, आणि कंपनीने पहिला रुपया खर्च करायचा तो याच दोन शब्दांवर.

आधी हिशेब. इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायची म्हणजे टाकी ‘फुल’ करायची, ही पेट्रोलपंपावरून आलेली सवय आहे. ४० युनिट क्षमतेची बॅटरी १५ अँपिअरच्या पॉइंटवर जवळपास रिकाम्यापासून भरायला चौदा-पंधरा तास लागतात हे खरंच आहे, आणि हाच आकडा ऐकून माणूस दचकतो. पण रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी करून कोण घरी येतं? ऑफिसला जाऊन-येऊन ४० किलोमीटर होत असतील, तर मध्यम आकाराच्या गाडीला भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमागे साधारण सहा किलोमीटर धरून सुमारे सात युनिट लागतात. यात चार्ज होताना वाया जाणारी दहा-पंधरा टक्के वीजही आली. डिकीतली केबल १५ अँपिअरवर ताशी ३.३ युनिटच्या आसपास देते, म्हणजे दोन-सव्वादोन तासांचं काम. विजेचा प्रवाह दहा अँपिअरवर आणला तरी तीन तास. गाडी रात्री आठला लावली आणि सकाळी सहाला काढली, तर दहा अँपिअरवरही २३ युनिट भरतात आणि सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरची सोय होते. शहरात नोकरी करणाऱ्या किती लोकांची गाडी रोज एवढी धावते? आठवडाभराचं ओडोमीटर लिहून ठेवलं तर ज्याचं त्याला उत्तर मिळेल. चार्जर येण्याआधीचा महिना या मोजणीसाठीच सर्वांत उपयोगाचा, कारण पुढे ७.२ किलोवॅटचा चार्जर लागणारच आहे की नाही, हेही त्यातूनच कळतं.

मग लोक या पॉइंटला घाबरतात का? मंद म्हणून नव्हे, तो तापतो म्हणून. आणि ही भीती रास्त आहे. ‘गीझर चालतो तिथे गाडीही चालेल,’ असं वायरमन सांगतो. पिन सारखीच असते, पण काम सारखं नसतं. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आतबाहेर प्रवाह घेतो, पाणी तापलं की पंधरा-वीस मिनिटांत थर्मोस्टॅट त्याला बंद करतो, आणि तोवर कोमट झालेली पिन पुन्हा गार होते. गाडी १५ अँपिअर घेते आणि सहा-आठ तास एकसारखा घेते. सॉकेटच्या आत पिनेला धरून ठेवणारी पितळेची पट्टी जुनी होऊन सैल पडली, तिच्यावर पावसाळ्यातल्या दमटपणाने काळसर थर चढला, की तेवढ्या जागी विजेला अडथळा होतो. हा अडथळा एका ओहमचा दहावा भाग जरी धरला, तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचं शिसं वितळवणारं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. तेवढी उष्णता प्लास्टिकच्या डबीत, बोटाच्या पेराएवढ्या जागी, रात्रभर कोंडून राहिली, तर सकाळी सॉकेटभोवती तपकिरी वलय दिसतं आणि जळका वास येतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १५ ऐवजी दहा अँपिअर ठेवला की त्याच सैल पिनेवर साडेबावीसऐवजी दहाच वॅट राहतात, निम्म्याहून कमी. अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर किंवा केबलच्या डब्यावरच प्रवाह कमी करण्याची सोय असते. ती शोधून पहिल्याच रात्री वापरावी. तासाभराने प्लगला हाताची पाठ लावून बघावी: कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करून सॉकेट बदलून घ्यावं.

दुसरी गोष्ट अर्थिंगची, आणि इथे जास्त थांबायला हवं, कारण इथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. केबलमधला तो विटेएवढा डबा म्हणजे चार्जर नव्हेच. एसी वीज डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. डबा राखणदाराचं काम करतो. वीज सोडण्याआधी तो अर्थिंग आहे का ते तपासतो, गाडीशी संकेतांची देवाणघेवाण करून किती अँपिअर मिळतील ते सांगतो, आणि कुठे गळती जाणवली तर क्षणात वीज तोडतो. जुन्या इमारतींत पार्किंगमधल्या पॉइंटला अर्थची तार कित्येकदा ओढलेलीच नसते, किंवा ती जिथे जमिनीत जाते तिथला पाइप गंजून गेलेला असतो. पंखा, पाण्याची मोटर, दिवे या कशालाच त्यावाचून अडत नाही, म्हणून वीस वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा डबा मात्र लाल दिवा लावून काम करायला नकार देतो. मग ‘केबल खराब आहे’ अशी तक्रार होते आणि कुणीतरी सोपा उपाय सुचवतो: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका छोट्या तारेने जोडून टाकायचे. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण त्या क्षणापासून राखणदाराचे डोळे बांधलेले असतात. पुढेमागे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात, आणि पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाने दाराला हात लावला तर काय होईल, हे सांगायला नको. ही जोड कुणीही, कितीही अनुभवी माणसाने सुचवली तरी करू देऊ नये. लाल दिवा लागला तर अर्थिंगचा खड्डा तपासून घ्यायचा, गरज असेल तर नवा करायचा. तो नवा अर्थ गाडीसोबत सगळ्या इमारतीच्याच उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट तारेची. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर पुण्या-मुंबईत आता नवलाची राहिलेली नाही. साध्या एक्स्टेन्शनमध्ये १.५ स्क्वेअर एमएमची तार असली आणि अंतर ५० मीटर असलं, तर १५ अँपिअरला जाता-येता अठरा व्होल्ट वाटेतच गळतात आणि तारेत पावणेतीनशे वॅट उष्णता होते. तार मोकळी लोंबत असेल तर ती हवेत निघून जाते. रिळावर गुंडाळलेली राहिली तर आतल्या आतच साठते आणि प्लास्टिक मऊ पडतं. त्याच अंतराला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तार घेतली, तर गळती सात व्होल्टवर येते. म्हणजे ‘नीट ओढलेला पॉइंट’ म्हणजे काय, ते सांगता येतं: मीटरपासून थेट आलेली, वाटेत दुसरं काही न जोडलेली किमान ४ स्क्वेअर एमएमची तार, तिच्यासाठी स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं आरसीसीबी, चांगल्या कंपनीचं १६ अँपिअरचं औद्योगिक सॉकेट, पावसाचं पाणी जाणार नाही असं झाकण आणि तपासलेला अर्थ. कुशल वायरमनचं हे एका दिवसाचं काम आहे. भिंतीवरच्या चार्जरपेक्षा याला पैसे थोडे लागतात, मंजूर लोडही सहसा वाढवावा लागत नाही. ७.२ किलोवॅटला एका फेजवर तीस अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो आणि मुख्य अडथळा तिथेच येतो. ३.३ किलोवॅट मात्र एका मोठ्या एसीच्या आणि गीझरच्या बेरजेइतकाही नसतो.

यावर कंपनीच्या ॲडमिनकडून येणारा पहिला आक्षेप असा असतो की एवढी यातायात कशाला, दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, जलद चार्जिंगचं कार्ड देऊन टाका, बिल कंपनी भरेल. कागदावर हे सोपं दिसतं. पण सार्वजनिक जलद चार्जिंगच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो, युनिटचा मूळ दरही वीज कंपनीच्या ईव्ही मीटरवरच्या दरापेक्षा चढाच असतो, आणि सर्वांत महाग पडतो तो कर्मचाऱ्याचा वेळ. शिवाय जलद चार्जर बॅटरी ८० टक्के भरली की हात आखडता घेतो. शेवटच्या वीस टक्क्यांना बराच वेळ जातो, म्हणून ‘फुल’ करण्याच्या सवयीने लोक रांग लांबवत राहतात. बॅटरीच्या दृष्टीनेही रोज जलद चार्जिंग करण्यात शहाणपण नाही. ३.३ किलोवॅटने ४० युनिटची बॅटरी भरताना दर तासाला तिच्या क्षमतेचा जेमतेम बारावा हिस्सा आत जातो. त्यात बॅटरी फारशी तापत नाही आणि तिच्यावर ताणही येत नाही. जलद चार्जिंग प्रवासासाठी आहे. पुण्याहून नागपूरला निघालेल्या माणसाला समृद्धी महामार्गावर ते हवंच. हिंजवडीहून कोथरूडला रोज जाणाऱ्याने रात्रीचं जेवण सोडून तिथे बसणं हा त्याच्या आयुष्याचा अपव्यय आहे.

दुसरा आक्षेप सोसायटीचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. कॉमन मीटरवर एकाची गाडी चार्ज होत असेल, तर बाकीच्यांनी त्याची वीज का भरायची? बरोबर आहे, का भरायची? पण याचं उत्तर सबमीटर हे आहे, बंदी हे नाही. गाडीचा पॉइंट शक्यतो स्वतःच्या घरच्या मीटरवरूनच घ्यावा. अंतरामुळे ते जमत नसेल, तर कॉमन लाइनवर सबमीटर लावून महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावेत आणि तो मीटर कुणालाही वाचता येईल अशा उंचीवर बसवावा. कायद्याची बाजूही पुष्कळ स्पष्ट झाली आहे. गाडी चार्ज करून देणं ही वीजविक्री नव्हे, त्याला परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच केला. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या किंवा ऑफिसच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले आणि ग्राहकाने मागितल्यास गाडीसाठी स्वतंत्र जोडणी देणं बंधनकारक झालं. नव्या जोडणीची मुदतही महानगरांत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आणि इतर नगरपालिका क्षेत्रांत पंधरावरून सातवर आली. तरीही पार्किंगच्या भिंतीला हात लावायचा तर कमिटीशी बोलावंच लागतं, आणि ते कायद्याची प्रत टेबलावर आपटून करू नये. आगीची भीती खरी असते, विशेषतः तळघरातल्या पार्किंगमध्ये. तार कुठून येणार, एमसीबी कुठे असणार, वायरमनचा परवाना कुठला, हे एका कागदावर लिहून दिलं की बहुतेकांचा विरोध मावळतो. मंद चार्जिंगमधला मोठा धोका गाडीपेक्षा भिंतीत असतो, आणि भिंतीतला धोका कमी करणं आपल्या हातात असतं, ही गोष्टही त्याच बैठकीत शांतपणे सांगता येते.

आता हिशेबाची बाजू, जी फक्त कंपनीच्या गाडीलाच असते. पेट्रोलची पावती अकाउंट्सला देता येते. घरच्या वीजबिलावर मात्र ‘गाडी’ अशी वेगळी ओळ नसते. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर गाडी १६०-१७० युनिट खाते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्याच्या वर. वरच्या टप्प्यातला युनिट पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून कितीतरी महाग असतो. ज्या घरात आजवर दोनशे युनिट जळत होते, तिथे गाडीचे युनिट जाऊन बसतात ते नेमके महागड्या टप्प्यांत. अकाउंट्सने सरासरी दराने पैसे दिले, तर कर्मचाऱ्याला दर महिन्याला पदरमोड करावी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून गाडीच्या तारेवर छोटा सबमीटर बसवावा आणि वाढलेल्या टप्प्याचा दर धरूनच परतफेड ठरवावी. गाडीच्या ॲपमधला आकडा यासाठी चालत नाही, कारण ॲप बहुधा बॅटरीत पोचलेली वीज दाखवतं, बिल भिंतीतून गेलेल्या विजेचं येतं, आणि मधली दहा-पंधरा टक्के गळती कर्मचाऱ्याच्या माथी बसते. स्वतंत्र ईव्ही मीटर मिळाला की ही टप्प्यांची अडचण सुटते, कारण त्याचा दर वेगळ्या वर्गवारीत येतो. चार्जर यायला वेळ लागला तरी मीटरचा अर्ज आधीच टाकून ठेवावा, तो यासाठी. ब्रिटनमध्ये कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी तिथलं करखातं मैलामागे सल्लावजा दर जाहीर करतं, आणि सप्टेंबर २०२५ पासून घरी चार्ज केलं तर एक दर आणि बाहेर केलं तर दुसरा, अशी विभागणी केली आहे. आपल्याकडच्या कंपन्यांना सरकारची वाट न पाहता आपल्या धोरणात असे दोन दर लिहिता येतील.

आता जे या हिशेबात बसत नाहीत त्यांचं बोलू. औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, दिवसाला दोनशे किलोमीटर फिरून साइट बघणारा इंजिनिअर, दोन पाळ्यांत चालणारी स्टाफची गाडी, यांना १५ अँपिअरचा पॉइंट पुरणार नाही. कंपनीने त्यांच्या हाती गाडी देण्याआधी चार्जर बसवावा, नाहीतर गाडी देणं लांबवावं. ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, त्यांचं काय? चाळीत, गावठाणात किंवा जुन्या वाड्यात राहणाऱ्याला कुठलाच पॉइंट मिळत नाही, आणि ‘घरी चार्ज करा’ हा सल्ला त्याच्यासाठी निरर्थक आहे. त्याचं उत्तर ऑफिसच्या पार्किंगमध्ये आहे. कंपनीची गाडी दिवसाचे आठ-नऊ तास तिथेच उभी असते, आणि त्या वेळात १५ अँपिअरच्या पॉइंटवर २५-३० युनिट सहज भरतात. पण कंपन्या बहुधा उलटं करतात: प्रवेशद्वाराजवळ दिसेल असा एक ३० किलोवॅटचा जलद चार्जर बसवतात, त्याच्यापुढे गाड्यांची रांग लागते, आणि दर तासाला कुणीतरी मीटिंग सोडून गाडी हलवायला खाली उतरतं. तेवढ्याच विजेत नऊ-दहा साधे पॉइंट चालतात. सकाळी केबल लावायची, संध्याकाळी काढायची, मध्ये कुणाला उठावं लागत नाही. छपरावर सौर पॅनेल असतील तर ती वीज त्याच वेळात तयार होत असते.

राज्याचं धोरण इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजूने उभं आहे. १ जानेवारी २०२२ पासून नव्या सरकारी गाड्या इलेक्ट्रिकच घ्यायचं ठरलं, २०२५ च्या धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी आली, आणि ऑगस्ट २०१९ पासून गाडीवर जीएसटी पाच टक्केच आहे. त्यामुळे लीजच्या यादीत इलेक्ट्रिक गाडी निवडणारे वाढत जाणार. त्यांच्यासाठी कंपनीच्या धोरणात आज बहुधा ‘चार्जर’ एवढा एकच शब्द असतो. त्याच्या आधी ‘वायरिंग’ हा शब्द लिहिला गेला पाहिजे, आणि गाडीची ऑर्डर टाकली त्याच आठवड्यात वायरमन पार्किंगमध्ये यायला पाहिजे. तार ओढतानाच ४ ऐवजी ६ स्क्वेअर एमएमची, अंतर लांब असेल तर १० ची, मोठ्या पाइपातून ओढून घेतली, तर पुढे ७.२ किलोवॅटचा चार्जर आला की सॉकेट काढून त्या जागी चार्जर लावायचा आणि एमसीबी-आरसीसीबी त्याच्या मापाचे बसवायचे, एवढंच काम उरतं. भिंत पुन्हा फोडावी लागत नाही, कमिटीकडे पुन्हा जावं लागत नाही. आणि नोकरी बदलून कर्मचारी गाडी परत करून गेला, चार्जर कंपनीने उचलून नेला, तरी ती तार, तो मीटर आणि तो अर्थिंगचा खड्डा तिथेच राहतो, त्या जागेवर पुढची गाडी कुणाचीही येवो.